तोंड फिरवल्याचा गुन्हा

डबा उघडताना म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं, म्हणून आठ वर्षं सक्तमजुरी. हसू नका, खालच्या कोर्टाच्या निकालात असंच म्हटलं होतं. भाषा अर्थात सभ्य होती. 'आरोपीने त्या क्षणी मुद्दाम दृष्टी दुसरीकडे वळवली, यावरून डब्यात काय आहे याची त्याला पूर्वकल्पना होती असे दिसते.' हे वाक्य दुभाष्यानं मराठीत सांगितलं तेव्हा सुप्रभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कोर्टातच उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, पण ते तर नेहमीच फिरवतात!" शिपायानं तिला नम्रपणे खाली बसवलं. इथे हाकलतातसुद्धा कमरेत वाकून.

तो म्हातारा म्हणजे सुप्रभाचे सासरे, मोरेश्वर टिपणीस. वय सदुसष्ट, मुक्काम ठाणे. बायको गेल्यावर एकुलता मुलगा अंबरीष म्हणाला, बाबा, आमच्याकडे येऊन राहत जा. अंबरीष जपानात, तोयोसुला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्या वर्षांत आयटीवाल्यांची नुसती रीघ लागली होती. ते राहत त्या हिगाशी-कसाईच्या इमारतींमध्ये मजल्यागणिक एक तरी मराठी घर, संध्याकाळी जिन्यात फोडणीचा वास आणि खाली कचऱ्याच्या खोलीत प्लास्टिक कुठल्या पिशवीत आणि बाटल्या कुठल्या यावरून वाद. मोरेश्वरराव वर्षातून दोनदा यायचे, व्हिसाचे तीन महिने पुरे करायचे आणि परत जायचे. आणि दर खेपेला त्यांच्या सामानात स्वतःचे दोन सदरे अन् बाकी सगळी दुसऱ्यांची पार्सलं.

ही तिथली रीतच होती. कुणी निघालं की ठाण्या-पुण्याच्या आया डबे घेऊन हजर. मेतकूट, भाजणी, लिंबाचं लोणचं, डिंकाचे लाडू. वर कापड शिवलेलं, त्यावर दोरा आणि गाठ. कोण जाणार आहे याची बातमी हिगाशी-कसाईत वाऱ्यासारखी पसरायची. इतर लोक कुरकुरायचे, वजनाचं कारण सांगायचे, निम्मं परत पाठवायचे. काका मात्र कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत. काका सगळ्यांचेच काका.

आणि काका कुणाचा डबा उघडायचे नाहीत. बरं, उघडायचे नाहीत हे ठीक. पण डबा घरी पोचवला, घरच्या सुनेनं कात्री आणली, की काका पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करायचे. दोन्ही हात मागे बांधून कॅलेंडर बघत उभे. आतून लाडू निघोत की लोणचं, यांना देणंघेणं नाही. "झालं का उघडून? मग वळतो," म्हणायचे.

वैभवीला याचं फार हसू यायचं. ती तिसऱ्या मजल्यावरची, बडबडी, सगळ्या कार्यक्रमांत पुढे. "काका, अहो माझ्या आईनं लोणचं पाठवलंय, दागिने नाहीत!" ती म्हणायची. गणपतीच्या जेवणात तिनं काकांची नक्कलसुद्धा करून दाखवली होती. हात मागे, मान ताठ, भिंतीकडे तोंड. सगळे पोट धरून हसले, काकाही हसले.

पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मोरेश्वररावांनी बॅंकेत उमेदीची सगळी वर्षं लॉकरच्या खोलीत काढली होती. गिऱ्हाईक यायचं, काका आधी बॅंकेची चावी लावायचे, मग गिऱ्हाईक आपली चावी लावायचं, आणि लॉकरचं दार किलकिलं व्हायच्या आत काका पाठ फिरवून बाहेर. आत सोनं असेल, कागद असतील, नाहीतर रिकामी पेटी असेल. बघायचं नाही. त्यांच्या साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, टिपणीस, लॉकर दुसऱ्याचा. तेवढं एकच वाक्य त्यांनी जन्मभर पाळलं. निवृत्तीच्या दिवशी बॅंकेची चावी जमा केली, नोकरी सुटली, अंगवळणी पडलेलं सुटलं नाही.

एकदा तर कहर केला. तिकडे लांब कोबेला सरोजिनीबाई म्हणून एक वयस्क बाई राहत. त्यांच्या यजमानांचा मोत्यांचा व्यापार, चाळीस वर्षांपासून तिथेच. त्यांची बहीण ठाण्याला काकांच्या शेजारी. तिनं पार्सल दिलं. सुप्रभा म्हणाली, "बाबा, इथल्या कुरिअरनं पाठवू. उद्या सकाळी कोबेत घरपोच मिळतं." काका म्हणाले, "तिनं माझ्या हातात दिलंय, मी तिच्या हातात देणार." आणि निघाले की शिनकानसेन या महागड्या वेगवान गाडीत बसून! डब्यात होतं काय, तर कुळथाचं पीठ.

अशा माणसाला जगदीश भेटला.

जगदीश नव्यानं आलेला, कंत्राटी कामावरचा एकटा पोरगा. गणपतीत आला, सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडला. बोलणं मधाळ. काका ठाण्याहून परत यायच्या वेळी त्यानं फोनवर विनवलं, "काका, मावशी चिवडा देणार आहे. दुकानातला गोड लागतो हो इथे." मुंबईत त्याच्या त्या मावशीनं पत्र्याचा डबा आणून दिला. कापड शिवलेलं, दोरा, गाठ. सगळं इतर डब्यांसारखंच. काकांनी तो वैभवीच्या लोणच्याच्या आणि इमारतीतल्याच स्वप्नाच्या भाजणीच्या मध्ये ठेवला.

विमानतळावर अधिकाऱ्यानं सगळे डबे टेबलावर मांडले आणि एकेक दोरा कापायला सुरुवात केली. काकांनी नेहमीचंच केलं. पाठ फिरवली, हात मागे बांधले, भिंतीकडे बघत उभे राहिले. चिवड्याच्या डब्याला खोटा तळ होता, त्याखाली पांढरी पूड निघाली. मागे गलका झाला तरी काका वळले नाहीत. त्यांना वाटलं, लोणचं सांडलं असेल. अधिकाऱ्यानं फोटो काढला. टेबलावर पूड, आणि मागे पाठमोरा म्हातारा.

त्या फोटोनं काकांचा घात केला.

डबा घ्यायला आलेला जगदीशही पकडला गेला. पकडला गेल्याबरोबर तो पोपटासारखा बोलायला लागला. मी तर लहान मासा, काकांना सगळं माहीत होतं, त्यांचा वाटाही ठरला होता. रडला, माफी मागितली, पश्चात्ताप झाल्याचं लिहून दिलं. कोर्टानं त्याला पाच वर्षं दिली, कारण त्याला पश्चात्ताप झाला होता. काकांना सरकारनं दिलेल्या वकिलानंही तेच सुचवलं. चूक झाली म्हणा, डोळे पुसा, शिक्षा कमी होईल.

"न केलेल्या गोष्टीची माफी मागू?" काका म्हणाले. "मग केलेल्या चुकांची माफी कुठल्या तोंडानं मागायची?"

झालं. कट रचण्यात सामील, वर पश्चात्तापाचा लवलेश नाही, म्हणून आठ वर्षं. चोराला पाच आणि साधूला आठ! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. सदुसष्टाव्या वर्षी आठ वर्षं म्हणजे काय, हे त्या न्यायाधीशाला बोटांवर मोजता येत नव्हतं का? सुप्रभानं घरी येऊन पातेली आपटली. अंबरीष कोचावर डोकं धरून बसला होता.

"आपण शांत राहू या," तो म्हणाला. "ऑफिसमध्ये आमचे साहेब यामादा-सान म्हणाले की…"

"यामादा-सानना सांग, माझा सासरा गुन्हेगार नाही! तुझे वडील आहेत ना ते? का फक्त माझेच सासरे आहेत?"

दुसऱ्या दिवशी मात्र अंबरीषनं रजा टाकली आणि वकील शोधायला बाहेर पडला. वाईट नव्हता बिचारा, फक्त भित्रा होता.

काकांना भेटायचं म्हणजे जाड काचेच्या पलीकडून. शेजारी पहारेकरी बसलेला, आणि त्याला कळेल अशाच भाषेत बोलायचं. मराठी बंद! सुप्रभाचं जपानी चांगलं होतं, कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ नोकरी करून शिकली होती. पण काकांना जपानी येईना. मग सासरा आणि सून इंग्रजीत बोलायचे. "हाऊ इज अक्षया?" काका विचारायचे. नातीची चौकशी, तीसुद्धा बॅंकेच्या पत्रातल्या इंग्रजीत. "शी इज फाइन, बाबा," सुप्रभा म्हणायची आणि बाहेर येऊन स्टेशनवर ढसाढसा रडायची. घरी अक्षया जपानीतच विचारायची, जीजी कधी येणार? आजोबांना ती इथल्या मुलांसारखं जीजीच म्हणायची.

अंबरीषनं शोधलेले नवे वकील ओकुयामा-सान बारीक अंगाचे, चहा थंड होईपर्यंत विचार करणारे. त्यांनी निकाल वाचला, फोटो पाहिला आणि सुप्रभाला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी कोर्टात उभं राहून काय म्हणालात?"

"हेच, की ते नेहमीच तोंड फिरवतात."

"नेहमी म्हणजे?"

सुप्रभानं लॉकरचं सगळं सांगितलं. ओकुयामा-सानांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "हे खालच्या कोर्टात कुणी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच नाही!"

त्यांनी समजावून सांगितलं. वरचं कोर्ट सहसा नवे साक्षीदार ऐकत नाही. तेव्हा का नाही आणले, असं विचारतं. तरी एक साक्ष मागून बघू. मात्र घरचं माणूस चालणार नाही, ते आपल्या माणसाची बाजू घेणारच. ज्यानं हे डोळ्यांनी पाहिलंय असा बाहेरचा एक माणूस आणा. एकच पुरे. तो आला तर जगदीशच्या जबानीलाही धक्का लावता येईल, नाहीतर अपील कोरडंच राहील.

एकच! सुप्रभाला हायसं वाटलं. हिगाशी-कसाईच्या निम्म्या बायकांनी काकांची पाठ पाहिली होती. ती थेट तिसऱ्या मजल्यावर गेली.

वैभवीनं दार उघडलं, पण पूर्ण उघडलं नाही. "अगं, काय सांगू, आमच्या पर्मनंट व्हिसाचं चाललंय. त्यात माझं नाव कोर्टात, तेही ड्रग्जच्या केसमध्ये…"

"नाव कशात येणार? तू एवढंच सांगायचं, की डबा उघडताना काका भिंतीकडे बघायचे. तू नक्कल करायचीस ना त्यांची?"

"मी?" वैभवी म्हणाली. "आठवत नाही गं मला असं."

आठवत नाही! ज्या बाईनं गणपतीत पन्नास माणसांना हसवलं, तिला आठवत नव्हतं. स्वप्नानं सरळ कानावर हात ठेवले. नवऱ्याच्या कंपनीनं म्हणे लांब राहायला सांगितलंय. एकीनं तर मान वाकडी करून विचारलं, "पण काय गं, खरंच माहीत नव्हतं का त्यांना?" सुप्रभा जिन्यातच ओरडली, "त्यांनी आणलेलं लोणचं चाटून खाताना नाही विचारलंत! गरज सरो नि वैद्य मरो, आणखी काय!" दारं पटापट लागली. इथल्या दारांचा आवाजही होत नाही, तेवढंच बरं.

त्या दिवसापासून कुणी पार्सलाचं नाव काढेना. भारतात निघालेली माणसं गुपचूप निघू लागली. कचऱ्याच्या खोलीत सुप्रभा आली की बायका पिशव्या ठेवून झटकन बाहेर. ती मुद्दाम हळूहळू बाटल्यांची झाकणं काढत बसायची. पळा, म्हणायची मनात, कुठपर्यंत पळाल?

सरोजिनीबाईंचं नाव तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांचाच फोन आला. ठाण्याच्या बहिणीकडून कळलं होतं.

"सूनबाई, मोरेश्वररावांना धरलंय म्हणे? आणि तू मला कळवलं नाहीस?"

"काकू, तुम्ही इतक्या लांब… आणि एकदाच भेटलात त्यांना."

"एकदाच भेटले म्हणून काय झालं? माझ्या दिवाणखान्यात कुळथाच्या पिठाकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस मी विसरेन होय? कोर्ट कधी आहे ते सांग. मी येते."

"काकू, तुम्हाला काही त्रास…"

"त्रास कसला? ज्यांना व्हिसाची भीती आहे त्यांनी घाबरावं. मला पंचाहत्तर वर्षं झाली. मला आता कुठे पाठवणार?"

वरच्या कोर्टानं खूप आढेवेढे घेऊन एक साक्ष, तीही थोडक्यात, ऐकायचं मान्य केलं. सरोजिनीबाई पहाटेच्या गाडीनं आल्या. नऊवारी नाही आणि किमोनोही नाही, साधी सुती साडी, वर स्वेटर, पायात मोजे. दुभाष्याला त्यांनी हातानं थांबवलं आणि जपानीत बोलायला लागल्या. कोबेकडच्या वळणाचं जपानी ऐकून एका न्यायाधीशानं मान वर केली.

त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. पार्सल हातात दिलं, मी दोरा कापला, हे गृहस्थ पाठ फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभे राहिले. मी म्हटलं, बघा तरी काय आलंय. म्हणाले, झालं का उघडून, मग वळतो.

सरकारी वकील उठला. "तुम्ही यांना एकदाच भेटलात. एका भेटीवरून सवय कशी कळते?"

"चाळीस वर्षांत माझ्याकडे शेकडो माणसं पार्सलं घेऊन आली," सरोजिनीबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी डब्यात डोकावलं. काहींनी तर हात घातला. पाठ फिरवणारा हा एकच. म्हणून लक्षात राहिला. तुमच्याकडे पाहुण्यानं आणलेली भेट त्याच्यासमोर उघडत नाहीत ना? मग तुम्हाला हे कळायला एवढं जड का जातंय?"

सुप्रभाला वाटलं, उठून बाईंच्या पाया पडावं.

मग मधले न्यायाधीश थेट काकांकडे वळले. त्यांनी शांतपणे विचारलं, "अधिकारी डबा उघडत होते तेव्हा तुम्ही मागे का पाहिलं नाही?"

काका उठले. इतक्या महिन्यांच्या कोठडीनं सदरा अंगावर लोंबत होता. दुभाष्याकडे बघून ते मराठीत म्हणाले, "साहेब, लॉकर माझा नव्हता."

दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि पुढे लॉकरच्या नोकरीबद्दल बरंच विचारलं. खालच्या कोर्टात हे कुणी विचारलं नव्हतं. बॅंकेत नोकरी, एवढ्यावर भागवलं होतं.

निकाल लागला तो काकांच्या बाजूनं. तोंड फिरवण्यावरून माहिती होती असं म्हणता येत नाही, आणि स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून बोलणाऱ्या जगदीशच्या शब्दावर एवढी मोठी शिक्षा उभी करता येत नाही. आधीचा निकाल रद्द, आरोपी निर्दोष. सरकारनंही पुढे अपील केलं नाही. अंबरीष कोर्टाच्या पायरीवर लहान मुलासारखा रडला. सुप्रभा रडली नाही. तिला राग आला होता. एवढं साधं होतं, तर इतके महिने काय केलंत?

आणि निर्दोष सुटला म्हणून माणूस घरी येतो असं तुम्हाला वाटलं? छे! कोठडीत असताना काकांचा व्हिसा संपला होता. हे त्यांचंच चुकलं, नाही का? कोर्टाच्या दारातून त्यांना थेट परदेशी लोकांच्या दुसऱ्या कोठडीत नेलं. ओकुयामा-सानांनी खेटे घातले तेव्हा कुठे दोन दिवस घरी राहायची परवानगी मिळाली. मग विमान आणि कायमचं ठाणे. पुन्हा या देशात यायला मिळेल की नाही, कुणी सांगायला तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी इमारत भेटायला आली. पेढे काय, फुलं काय! ज्यांची दारं आवाज न करता लागली होती ती माणसं काकांच्या पाया पडत होती. सुप्रभा ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती, दातओठ खात होती. काका सगळ्यांची विचारपूस करत होते.

शेवटी वैभवी आली. हातात खोका. सुबक कागद, वर दोरा, गाठ.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही ठाण्याला जाताच आहात, तर आईसाठी एवढं…"

सुप्रभाच्या हातातलं गाळणं गळून पडलं. "वैभवी! तुला लाज नाही वाटत? याच पार्सलांपायी हा माणूस तुरुंगात सडला, तेव्हा तुला आठवत नव्हतं! आज आठवलं? आण इकडे!" तिनं खोका हिसकला, कात्री घेतली आणि खटकन दोरा कापला. "बघा, सगळ्यांनी बघा! आता सगळ्यांदेखत उघडायचं! बाबा, तुम्हीही बघा!"

खोक्यात हिरव्या चहाच्या दोन पुड्या, गुडघेदुखीच्या पट्ट्या आणि एक लोकरीचा स्वेटर होता. वैभवी रडायला लागली. सगळ्या खोलीनं खोक्यात डोकावून पाहिलं.

काकांनी पाहिलं नाही. ते केव्हाच वळले होते. दोन्ही हात मागे बांधून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे होते, तसेच ताठ.

"झालं का उघडून?" त्यांनी विचारलं.

सुप्रभानं स्वेटर घडी करून आत ठेवला, कागद सारखा केला आणि तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारायचा प्रयत्न केला. गाठ नीट बसेना. वैभवीनं गाठीवर बोट धरलं तेव्हा बसली.

"झालं, बाबा."

काका वळले. त्यांनी खोका दोन्ही हातांनी उचलला, क्षणभर वजन बघितल्यासारखा धरला आणि वैभवीच्या हातात परत दिला.

"तूच घेऊन जा, बाळ. आईला आनंद होईल," ते म्हणाले. "मी चावी जमा केली आता."

वैभवी खोका छातीशी धरून जिना उतरली. सुप्रभा तिला पोचवायला गेली नाही.